वाकलं की जमीन फिरते

मला राग लवकर येतो, आणि राग आला की मी पुरावा मागतो. बायको म्हणते, तुम्हाला भूक लागली तरी तुम्ही आधी पोटाचा पंचनामा कराल. या सवयीचा दोष मी बरीच वर्षं नोकरीवर ढकलत आलो. आता ढकलवत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

लातूर नवा जिल्हा झाला आणि थोड्याच दिवसांत मी तिथल्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. जागा अपुरी, कपाटं मोजकी आणि टेबलांवर गठ्ठेच गठ्ठे. कोऱ्या कागदांच्या माथ्यावर अजून जुन्याच जिल्ह्याचं नाव छापलेलं असे. ते लाल रेघेनं खोडायचं, शेजारी लातूरचा रबरी शिक्का मारायचा, की कागद आमचा. या नवेपणाचं कौतुक ओसरायच्या आत पावसानं दडी मारली. एक साल गेलं, दुसरंही तसंच गेलं, आणि मला टंचाई शाखेत बसवलं. गावोगावचे अर्ज यायचे की विहीर आटली, टँकर द्या. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं की पाणी नाही असं सगळेच म्हणतात, आपण जाऊन दोर टाकून बघायचं. मी दोर टाकून बघायला लागलो. बहुतेक विहिरींनी खरंच तळ गाठलेला असे, एखाद्या विहिरीत हातभर पाणी निघायचं. हातभर पाणी निघालं की मला कोण आनंद व्हायचा, चोर मुद्देमालासकट सापडल्यागत. पंचविशीतल्या तापट माणसाला अशी नोकरी देऊ नये.

त्या हिवाळ्याच्या शेवटी माय माझ्या धाकट्या बहिणीला घेऊन माझ्याकडं राहायला आली. आमचं गाव निलंग्याच्या बाजूला. वडील आदल्या वर्षी गेले होते आणि आता गावची विहीरही गेली. माझं लग्न व्हायचं होतं. दोन खोल्या होत्या, चार दिवसांआड येणारा नळ होता, आणि माय आल्यावर घराला घरपण आलं हे मी तेव्हाही मान्य केलं असतं.

वस्ती आमच्याच लोकांची, बौद्धांची. मी तिथल्या विहाराच्या समितीचा चिटणीस होतो. विहार म्हणजे पत्र्याची एक शेड, आणि शेजारीच विटांची खोली बांधायला काढलेली. दुष्काळात बांधकाम काढणं म्हणजे शहाणपणाचं लक्षण नव्हे, पण तरुण मंडळींना दम नव्हता. भिंतीवर मारायला पाणी कुठून आणायचं, तर असं ठरलं की नळ येईल त्या दिवशी प्रत्येक घरानं एक घागर भिंतीला द्यायची. माय दोन द्यायची. बाकीचे लोक भांडी विसळलेलं पाणी आणून ओतत. माय नितळ पाणी न्यायची आणि त्यापायी स्वतःची अंघोळ चुकवायची. मी म्हणालो की सिमेंटला काही कळत नाही, तर म्हणाली, त्या भिंतीआड कोण बसणार हाय ते तरी ध्यानात ठेव.

इथं मायच्या आईबद्दल सांगायला हवं. तिला मी पाहिलेलं नाही. धर्म बदलायच्या आधी तिच्या अंगात मरीआई यायची. ती घुमायला लागली की सगळी वस्ती तिच्यापुढं डोकं टेकायची आणि गावातली मोठी माणसंसुद्धा लांबून हात जोडून तिला प्रश्न विचारायची. एरवी जिची सावली चालत नव्हती तिला. मग आमच्या लोकांनी धर्म बदलला. माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या जावयानं, तिच्या देवाचे टाक फडक्यात बांधले आणि नदीच्या डोहात सोडले. त्यानंतर आजी फार जगली नाही, आणि तिचं नाव काढायची आमच्या घरात चोरी झाली. मी तर कॉलेजपासून अंगात येण्याविरुद्ध भाषणं ठोकत होतो आणि टाळ्याही पडत होत्या. त्या भाषणांत मी आजीचा उल्लेख एकदाही केला नाही.

घटना घडली ती एका रविवारी सकाळी. वंदना शेडमध्येच व्हायची. समोर टेबलावर बुद्धाची तसबीर, टेबलाच्या दोन्ही अंगांना नव्या बांधकामाच्या विटा रचलेल्या, आणि टेबलाशेजारी मी, कारण त्रिसरण आणि पंचशील मी म्हणायचो आणि लोक मागून म्हणायचे. चिटणिसाची आई म्हणून मायला बायांनी पुढच्या ओळीत बसवलं होतं. वंदना संपली की तीनदा जमिनीला डोकं टेकायचं. पहिल्यांदा माय वाकली आणि उठताना तिनं दोन्ही तळवे जमिनीवर दाबून धरले. दुसऱ्यांदा वाकून तिनं मान वर केली आणि तिचं अंग गोल गोल हेलकावायला लागलं. घशातून हुं, हुं असा आवाज निघायला लागला. पदर घसरला, अंबाडा सुटला. मी तिचे डोळे हातभर अंतरावरून पाहिले. बुबुळं झटक्या-झटक्यानं फिरत होती, एकीकडं ओढली जात होती आणि परत उसळत होती, तिच्या इच्छेशी काहीही संबंध नसल्यासारखी.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, अंगात आलं बाईच्या. एका म्हातारीनं तर जुन्या सवयीनं हात जोडले आणि माझ्या सुनंला दिवस कधी जातील असं विचारूनही टाकलं. दोन पोरी फिदीफिदी हसल्या.

अंगात आलेल्या बाईला हात लावायचा नाही, ही फार जुनी रीत. हात लावला तर देवी कोपते. त्या शेडमध्ये देवीला मानणारं, निदान कबूल करणारं, कुणीही नव्हतं, पण तिला कुणी धरलं नाही. सगळ्यांत जवळ मी होतो. मी एक पाऊल मागं सरकलो. माय कुशीवर कलंडली आणि तिचं कपाळ विटेच्या कोपऱ्यावर आदळलं.

अर्ध्या मिनिटात ती सावरून बसली, पदर घेतला, आणि मला पाणी मागितलं. मी बहिणीला सांगितलं, हिला घरी ने.

घरी गेलो तेव्हा ती कपाळाला हळद लावून बसली होती. मी काय काय बोललो ते सगळं आता आठवत नाही, आठवलं तरी लिहिणार नाही. चार लोकांत माझी मान खाली घातलीस, हे नक्की म्हणालो होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माझ्या अंगात काय बी येत न्हाई रं. वाकलं की जमीन फिरते. लई गरगरतं, मळमळून येतं. जरा दम खाल्ला की थांबतंय आपसूक.”

हे कधीपासून, तर गावाकडं असताना दिवाळीच्या सुमारास ती ओसरीवरून पडली होती, डोकं आपटलं होतं, तेव्हापासून. हा दुवा तिनं माझ्या हातात दिला होता. मी तो बाजूला ठेवला, कारण मला भलताच प्रश्न सुचला होता. मी विचारलं की डोक्यावर भरलेली घागर घेऊन चार गल्ल्या चालतेस, तेव्हा कसं गरगरत नाही? ती गोंधळली. म्हणाली, त्ये मला बी कळंना.

मग मी स्थळपाहणी केली. पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर तिच्या डोक्यावर ठेवली आणि तिला गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायला सांगितलं. कपाळावर टेंगूळ घेऊन, भर उन्हात, ती गेली आणि आली. मान ताठ, चाल सरळ, एक थेंब सांडला नाही. शेजारच्या बाया दारात येऊन बघत होत्या. त्या हातभर पाण्याचा मला झाला होता तसलाच आनंद मला त्या दिवशीही झाला, हे कबूल केल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

मी अगदीच राक्षस नव्हतो. दुसऱ्या दिवशी तिला एका डॉक्टरकडं नेलं. त्यांनी स्टुलावर बसवून रक्तदाब पाहिला, खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली आणि अशक्तपणा आहे म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. बाहेर पाळी लावून तीस माणसं बसली होती, डॉक्टरांनाही मी दोष देत नाही. तिला आडवं कुणी केलं नाही. रक्तदाब ठीक निघाला म्हटल्यावर माझी खात्रीच झाली. पुढचे दोन-तीन आठवडे माय अधूनमधून सांगायची की फळीवरचा डबा काढायला वर बघितलं तरी फिरतं, उजव्या कुशीवर वळलं तरी फिरतं. खोट्या अर्जातही माणसं अशीच एकेक कारण वाढवत जातात, एवढंच माझ्या मनात आलं.

खोलीवर स्लॅब पडला, मूर्ती आली. बुद्धपौर्णिमेला मूर्ती बसवायचं ठरलं. बाहेरगावचे पाहुणे येणार होते, भंतेजी येणार होते, प्रास्ताविक माझं होतं. आदल्या दिवशी माय नवं पांढरं लुगडं घडी मोडून झटकत होती. मी दारात उभा राहून म्हणालो, “माय, तुला ते आजीकडून आलंय. ते जाईपर्यंत विहारात येऊ नको.”

तिनं लुगड्याची परत घडी घातली. बरं म्हणाली. आजीचं नाव त्या घरात किती वर्षांनी निघालं होतं, आणि निघालं ते असं.

ज्या भिंतींना तिनं आपल्या अंघोळीचं पाणी पाजलं त्यांच्याआड मूर्ती बसली तेव्हा ती घरी खीर ढवळत होती. माझं भाषण चांगलं झालं. दुपारी घरी आलो तर तिनं मला खीर वाढली आणि समोर बसून एकच गोष्ट विचारली, “मूर्तीचे डोळे कसे हायत रं? उघडे का मिटलेले?” मी सांगितलं, अर्धे मिटलेले. ती म्हणाली, बरं हाय, आणि आत गेली. मला ती विचारणा बालिश वाटली होती.

दुष्काळ सरला. बहिणीचं लग्न लातुरातच झालं, माझंही झालं, माझी बदली नांदेडला झाली. माय बहिणीकडं राहिली. नांदेडला चल म्हटलं की म्हणायची, तिथं गोदावरी हाय, तुला पाण्याला माझी गरज न्हाई. मी लातूर सोडल्यावर ती विहारात जायला लागली, हे मला बहिणीकडून कळलं. कुणाला न विचारता, कुणाला न सांगता. पण ती मागं दाराशी उभी राहायची, हात जोडायची, आणि सगळे वाकले की एकटीच ताठ उभी दिसायची. नवी पोरं म्हणायची, म्हातारी मोठी ताठ्याची आहे. सुटीत गेलो की मीही ते पाहायचो. कधी विचारलं नाही. विचारलं तर ती सांगेल, अशी भीती असावी.

असं तीस वर्षं चाललं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हा एके सकाळी नांदेडच्या घरात मी उजव्या कुशीवर वळलो आणि पलंग माझ्याखालून निघाला. खोली गरागरा फिरत होती. बंद पंखा, खिडकी, कपाट, सगळं एकाच बाजूनं ओढलं जात होतं. मी गादीची कड धरली आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. बायको धावत आली. तिनं नंतर सांगितलं की मी हुं, हुं करत होतो.

मला वाटलं, गेलो. मेंदूत रक्त फुटलं. रिक्षात मान ताठ धरून बसलो तर काही नाही, खाली चपलेकडं पाहिलं की परत सुरू. दवाखान्यात हृदय तपासलं, डोकं तपासलं, सगळं ठीक निघालं, आणि मला कानाच्या डॉक्टरकडं पाठवलं. मी चिडलो. माझं डोकं फिरतंय आणि तुम्ही कान दाखवायला सांगता, असं म्हणून बाहेर निघालो होतो. बायकोनं दंडाला धरून नेलं.

कानाची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिनं माझं म्हणणं पूर्ण ऐकलं, मग टेबलावर लांब पाय करून बसायला सांगितलं. माझं डोकं दोन्ही हातांत धरून उजवीकडं वळवलं आणि म्हणाली, आता मी तुम्हाला पटकन आडवं करणार, फिरेल, पण डोळे मिटू नका. डोकं टेबलाच्या कडेखाली लोंबेल असं तिनं मला आडवं केलं. चार-पाच सेकंद काही झालं नाही. मग छत सुटलं. मी तिचं मनगट धरलं, ती मात्र शांतपणे माझ्या डोळ्यांत बघत राहिली. फिरणं हळूहळू थांबलं. मग तिनं डोकं डावीकडं वळवलं, थांबली. मला डाव्या कुशीवर करून तोंड जमिनीकडं करायला लावलं, थांबली. आणि शेवटी उठवून बसवलं. पाच मिनिटंही लागली नसतील. ना गोळी, ना सुई.

ती समजावून सांगायला लागली. आतल्या कानात एका जागी खडूच्या चुऱ्यासारखे बारीक कण चिकटलेले असतात. वयानं, कधी डोक्याला मार लागून, ते सुटतात आणि तोल सांभाळणाऱ्या गोल नळीत शिरतात. मग मान खालीवर झाली, कूस बदलली, की ते घरंगळतात आणि मेंदूला वाटतं माणूस फिरतोय. माझे कण तिनं डोकं फिरवून फिरवून परत त्यांच्या जागी नेऊन सोडले होते. काहींना हे परत परत होतं, झालं तर या, पण घरी मनानं मान फिरवत बसू नका, असंही तिनं बजावलं. मग सहज म्हणाली, “नमस्काराला वाकले आणि तिथंच पडले, असे कितीतरी पेशंट येतात.”

मी टेबलावरून उतरलो नाही. विचारलं, डोळ्यांचं काय होतं तेव्हा? ती म्हणाली, आपोआप झटके देत फिरतात, त्यावरूनच तर ओळखायचं. मी विचारलं, कुणाला ते मुद्दाम करता येतं का, सोंग म्हणून? “नाही सर,” ती म्हणाली, “असे डोळे कुणाला मुद्दाम फिरवता येत नाहीत.”

मी आणखी एक विचारलं, कारण मला पुरावा लागतो. असा त्रास असलेली बाई डोक्यावर भरली घागर घेऊन चार गल्ल्या सरळ चालेल का? ती हसली. म्हणाली, का नाही चालणार, घागर घेतल्यावर मान हलते कुठं? मान ताठ असली की कण जागचे हलत नाहीत. आणि हे पूर्वीही ओळखता आलं असतं का, तीस वर्षांपूर्वी? तर तपासणी जुनीच आहे, म्हणाली, माणसाला आडवं करून डोळ्यांत बघायचं, बस.

मला रडू आलं. तिला वाटलं, चक्कर आली म्हणून घाबरलो. काका, आता काही होणार नाही, असं म्हणत तिनं मला पाणी दिलं. सर वरून काका केलं म्हणून मी आणखीच रडलो.

त्याच आठवड्यात एसटीनं लातूर गाठलं. ते सालही दुष्काळाचंच होतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि बहिणीच्या गल्लीत घागरींच्या जागी प्लास्टिकचे कॅन रांगेत होते. माय बाजेवर बसून तांदूळ निवडत होती, ताट डोळ्यांसमोर उचलून धरून. खाली मान घालून नव्हे. हे मी तीस वर्षं पाहत होतो आणि तिची नजर अधू झाली असं समजत होतो. मी विचारलं, माय, तुला अजून फिरतं का?

ती म्हणाली, जातंय, येतंय. वर्ष वर्ष येत न्हाई, मग येतंय. उजव्या कुशीवर झोपायचं तिनं कधीचं सोडलं होतं, उशाला दोन उशा घेत होती, फळीवरचं काही काढायचं असलं की बहिणीला हाक मारत होती. तिनं आपली आपण सगळी सोय लावून घेतली होती. मी तिला नळ्या, कण, सगळं सांगितलं, कचेरीतलं टिपण वाचून दाखवावं तसं. माझं स्वतःचं झालेलंही सांगितलं. तिनं ताट खाली ठेवलं.

“मग माझ्या मायच्या बी कानात खडाच होता का रं?”

मला माहीत नव्हतं. माहीत नाही असंच म्हणालो. ती दाराकडं बघत म्हणाली, “तिच्याफुडं गाव वाकायचं.”

पुढचं ती बोलली नाही. ते मला ऐकू आलं. ज्या लोकांना कशाचा पत्ता नव्हता त्यांनी आजीच्या गरगरण्याला हात जोडले होते. मी शिकलेला, अंधश्रद्धेवर भाषणं देणारा, मी मायला घरात कोंडलं. देवी अंगात आली असं मी मानत नव्हतो. मी त्याहून वाईट मानलं होतं, की ती खोटं बोलते. म्हणालो, माय, माझं चुकलं.

ती म्हणाली, “हाव, चुकलं तुझं.”

एवढंच. लेकरा जाऊ दे, तू तवा लहान होतास, असलं काही ती म्हणेल अशी मी वाट बघत होतो, हे कळून माझी मलाच शरम वाटली. मग तिनं विचारलं, कुठं बसती ती डाक्तरीन?

नांदेडला डॉक्टरनं तिची मान आधी चाचपून पाहिली. मान आखडलेली, वय अठ्ठ्याहत्तर, म्हणून सगळं सावकाश करायचं ठरलं आणि तिच्या खांद्यांना आधार द्यायला मला उभं केलं. उजवा कान वाईट निघाला, ती सांगत होती त्याच कुशीचा. डोकं खाली गेलं आणि ते डोळे पुन्हा मला दिसले, हातभर अंतरावरून, तेच झटके, तेच ओढले जाणं. मायनं माझा हात घट्ट पकडला आणि धर, धर म्हणाली. मी धरलं होतं. दोनदा सगळं करावं लागलं. मग डॉक्टरनं तिला वाकून बघायला सांगितलं. ती वाकली, काही झालं नाही. तिचा विश्वास बसेना, परत वाकली. मग स्वतःच टेबलावर उजव्या कुशीवर आडवी झाली आणि उठायचं नावच घेईना. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण डॉक्टरनं तिला तशीच पडू दिली.

पुढच्या रविवारी मी तिला घेऊन लातूरच्या विहारात गेलो. वंदना होऊन लोक पांगले होते, बहीण बाहेर चपलांपाशी कुणाशी तरी बोलत होती. भिंतींना आता फरशा लागल्या आहेत, पण मूर्ती तीच, अर्ध्या मिटल्या डोळ्यांची. माय सवयीनं दाराशीच थांबली. मी म्हणालो, ये पुढं, आता वाक, काही होत नाही. माझ्या मनात ते चित्र आधीच तयार होतं: ती डोकं टेकणार, सुखरूप उठणार, आणि माझं ओझं उतरणार.

ती पुढं आली. मूर्तीकडं बघून हात जोडले. मग म्हणाली, “आता सवय ऱ्हायली न्हाई बाबा. उभ्यानंच बरं वाटतं. तू वाक. तुझं आत्ताच बरं झालंय, मी हाय हितं.”

मी गुडघे टेकले आणि वाकलो. कपाळाला फरशी गार लागली. काही फिरलं नाही. दुसऱ्यांदा वाकलो, तिसऱ्यांदा वाकलो, आणि तिसऱ्यांदा लवकर उठलो नाही, कारण वर तोंड करायची हिंमत होत नव्हती. शेवटी मान वर केली. माय माझ्या शेजारी उभी होती, त्या रविवारी मी उभा होतो तेवढ्याच अंतरावर. ती मूर्तीकडं बघत नव्हती. मी कलंडलोच तर धरायला म्हणून तिनं दोन्ही हात पुढं केले होते.